करवंटीखालची अंडी

चिकट पुठ्ठा ज्या कोणी शोधून काढला, त्याला एकदा अनवाणी त्याच पुठ्ठ्यावर उभं करावं आणि आपण चहा प्यायला निघून जावं, असं मला मनापासून वाटतं. दोन नंबरच्या खोलीत, बाथरूमच्या दारामागे, असा एक पुठ्ठा पसरून ठेवला होता. त्यावर तीन पाली होत्या. दोन मेल्या होत्या. तिसरीचे चारही पाय आणि एका बाजूचा गाल डिंकात रुतला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. पालीला पापणी नसते, डोळे मिटून घ्यायची सोय तिला नाही.

ही खोली आमच्याच वाडीतली. मुरूडच्या अलीकडे, समुद्राला लागून, नारळ-सुपारीची आमची वडिलोपार्जित वाडी आहे. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, तिथे पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. मी पनवेलच्या शाळेत पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन वाडीच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहायला आले. सातबाऱ्यावर दादाचं आणि माझं अशी दोन नावं आहेत. हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून दादा दर भाऊबीजेला तबकाशेजारी कागद काढून ठेवतो आणि मी दर भाऊबीजेला माझा चष्मा सापडत नाही म्हणते.

मी तो पुठ्ठा उचलून तशीच ओट्यावर गेले आणि दादाच्या पेपरावर ठेवला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"लोकांना पाली चालत नाहीत," दादा म्हणाला. "मागच्या आठवड्यात एक बाई पलंगावर उभी राहून रडत होती. मी काय करू?"

"तिला सांग की पाल डास खाते. तिला सांग की ज्या डासांसाठी तू ती उदबत्ती पेटवून खोकत बसतेस, ते ही फुकट खाते."

"तू शाळेत नाहीस आता," दादा म्हणाला, आणि पुठ्ठा दोन बोटांनी बाजूला सरकवला.

मी तो घेऊन माझ्या खोलीत आले. डिंकातून पाल ओढून काढता येत नाही, कातडी मागे राहते. खोबरेल लागतं. कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब सोडायचं, पायाखाली मुरू द्यायचं आणि एकेक बोट सोडवायचं. पाऊण तास लागला. शेपटी तिने आधीच टाकून दिली होती, आणि मागच्या डाव्या पायाची दोन बोटं माझ्याकडून गेली. तिला मी माशांच्या जुन्या काचपेटीत ठेवलं, वर मच्छरदाणीचं कापड बांधलं, आत सुपारीच्या विरीचा, म्हणजे झावळीच्या रुंद देठाचा, एक तुकडा आडोशाला उभा केला. पाणी शिंपडल्यावर ती काचेवरचे थेंब चाटायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळं माझ्या हातांनी मला न विचारता केलं होतं. सदतीस वर्षांनी.

सदतीस वर्षांपूर्वी मी हे सगळं सोडलं होतं. सोडलं म्हणजे कंटाळून नव्हे.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. शिक्षण संपवून घरी बसले होते आणि नोकरीच्या पत्राची वाट बघत होते. वाडीच्या कुंपणाला तेव्हा अडुळसा आणि मेंदी होती, आणि त्यात घोयरे असायचे. पुस्तकात ज्याला शॅमेलिऑन म्हणतात तो आमच्याकडे घोयरा. दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवणारा, पाऊल टाकायच्या आधी तीनदा विचार करणारा हिरवा सरडा. गावात त्याच्याबद्दल एकच गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती: तो चावला तर माणूस पाणी मागत नाही. त्याला विष नसतं, दातही नावालाच. पण दिसला की धोंडा, हा नियम होता. मी धोंड्यांपासून लांब ठेवायला म्हणून त्यांना विहिरीकडच्या कुंपणावर आणून सोडायचे, मग नाकतोडे पकडून काठीच्या टोकावर धरायचे, आणि ती लांबलचक जीभ सुटून परत गेली की दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटायचं. पावसाळ्यात एकाला मच्छरदाणीच्या खोक्यातही ठेवलं होतं. तेव्हा मला कायदा ठाऊक नव्हता, आता आहे. घोयरा पकडणं, ठेवणं, त्याची अंडी फोडणं, सगळं गुन्ह्यात येतं.

या उद्योगात माझ्याबरोबर एकच माणूस होतं. वाडीच्या टोकाला माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं घातलेलं एक खोपट होतं, तिथे राहून ती आमच्याकडे झाडलोट, शिंपणं, सोलणं सगळं करायची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. नवरा होडीवर गेला तो परत आला नव्हता, पदरी एक मुलगी. मी तिला बाय म्हणायचे, ती मला ताय. नाकतोडे पकडायला ती नसती तर माझे सगळे घोयरे उपाशी मेले असते. ती पदर गवतावर टाकायची आणि उचलायची, की पदरात चार. "तुझा जावई आज दोन जास्त खाऊन गेला," असं मला चिडवायची.

बाय आमच्याकडे चहा प्यायची तो करवंटीत. हे मी सांगायचं टाळणार होते, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मागच्या पडवीच्या भिंतीवर, कौलाखाली, तिची करवंटी उपडी ठेवलेली असायची. वापरून वापरून आतून बाहेरून गुळगुळीत, काळी, चकचकीत झालेली. घरात कपबशांची रांग होती. तिच्या हातचं सोललेलं खोबरं आमच्या आमटीत चालायचं, तिला कप चालायचा नाही. मला तेव्हा यात काही वावगं दिसत नव्हतं. मी जीवशास्त्रात पहिली आले होते.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक घोयरी कुंपणावरून खाली उतरली. तिचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलं होतं. एका माडापासून चार हातांवर तिने दिवसभर माती उकरली, शेपटीकडून आत शिरली, आणि दुसऱ्या दिवशी माती परत लोटून, पोट रिकामं झालेली, अंगावर नुसती हाडं दिसणारी, कुंपणावर चढून गेली. मी बोटाने जराशी माती बाजूला करून बघितलं. पांढरी, लांबट, मऊ कवचाची अंडी होती. ती फुटायला पुढचा पावसाळा उजाडतो. सहा-सात महिने ती तशीच मातीत राहतात.

आणि कार्तिकात आमच्याकडे माडांची आळी खणतात. पाऊस संपला की बुंध्याभोवती गोल खणून खत-मीठ घालायचं आणि शिंपणं सुरू करायचं. खणणाऱ्या गड्याची कुदळ नेमकी तिथे पडणार होती. खूण हवी होती. बाय तेव्हा तुळशीवृंदावन सारवायला गेरू कालवत बसली होती. मी तिच्याकडून वाटीभर गेरू घेतला, हाताशी होती म्हणून भिंतीवरची करवंटी घेतली, तिच्यावर लांबून दिसतील असे सात ठिपके काढले, आणि ती खड्ड्यावर उपडी घातली. चार बाजूंना चार खडे ठेवले. फार हुशारी केली असं वाटत होतं.

आमच्या गावात जमिनीवर उपडी करवंटी, तिच्यावर लाल ठिपके, भोवती चार खडे, हे बघून कोणाला सरड्याची अंडी आठवतील? मी तिथे जन्मले, तिथे वाढले, आणि मला हे सुचलं नाही. गड्याने करणी समजून कुदळ टाकली आणि तो पळत ओट्यावर आला. आप्पा, म्हणजे आमचे वडील, आले, दादा आला. भगताला बोलावणं गेलं. त्याने करवंटी काठीने उलटी केली आणि खालची माती उकरायला लावली. अंडी निघाली तेव्हा जमलेल्या माणसांमधून एक आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो. रॉकेल ओतून ती पेटवली. पंचवीस-तीस तरी असतील. ती फुटताना बारीक आवाज होत होता.

मग आप्पांनी करवंटी उचलून बघितली आणि म्हणाले, "ही तर तिची चहाची."

एवढंच पुरेसं झालं. बाय तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी ओट्याच्या खांबाला धरून उभी होते. मला एक वाक्य बोलायचं होतं: करवंटी मी ठेवली. पनवेलच्या शाळेचं पत्र चार दिवसांपूर्वी आलं होतं, आठ दिवसांत रुजू व्हायचं होतं, आणि मुलीला एकटी पनवेलला पाठवायची की नाही यावर आप्पांचं अजून मन बनत नव्हतं. सरडे पाळणारी, मातीत खुणा करणारी मुलगी त्यांनी पाठवली असती का? मला वाटलं नाही. मी मूग गिळून उभी राहिले. संध्याकाळपर्यंत बायच्या खोपटावरची झापं ओढून काढली होती.

आठ दिवसांनी मी पनवेलला गेले. त्यानंतर मी कधी घोयरा हातात घेतला नाही. शाळेत सरपटणाऱ्या प्राण्यांचा धडा आला की फळ्यावर चित्र काढायचे, प्रश्नोत्तरं लिहून द्यायचे आणि पुढे जायचे. मुलं म्हणायची, बाईंना पालींची किळस आहे. मी म्हणू दिलं.

तर आता माझ्या काचपेटीत दोन बोटं गेलेली एक पाल होती. मग चिकट पुठ्ठ्यांवरून सोडवलेल्या आणखी चार आल्या. रातकिडे वाढवायला मी अंड्यांचे पुठ्ठे आणि कोंडा आणला. पायावर उभ्या राहिल्या की त्यांना पंपाच्या खोलीत सोडायचे, तिथे पर्यटक जात नाहीत. वहिनी म्हणायची, या वयात लोक नातवंडं सांभाळतात. मी म्हणायचे, नातवंडं डास खात नाहीत. खोटं कशाला बोलू, मी सुखात होते. सकाळी उठून कोणाला तरी पाणी शिंपडायचं आहे, एवढ्याने माझे गुडघे कमी दुखत होते.

आणि गेल्या आश्विनात कुंपणावर घोयरी दिसली. कुंपण म्हणजे उरलंसुरलं. दादाने तीन बाजूंनी हिरव्या रंगाची जाळी लावली आहे, फोटोत छान दिसते म्हणून. मागच्या बाजूला, बायच्या खोपटाचं जोतं होतं तिथे, वीस-पंचवीस हात अडुळसा राहून गेला होता. त्यात ती बसली होती, एक डोळा माझ्याकडे आणि एक मुंगीकडे. मी तिला हात लावला नाही. कुंपणावर आहे तिला कुंपणावर राहू द्यायला कोणाची परवानगी लागत नसावी. मी फक्त नाकतोडे आणत होते. गवतावर ओढणी टाकायची आणि उचलायची. दहा वेळा टाकली की एक मिळायचा.

भाऊबीजेनंतर ती उतरली. जोत्याच्या कडेला, कोरड्या मातीत, दिवसभर उकरत राहिली. मी तिच्यापासून दहा हातांवर खुर्ची टाकून बसले आणि माणसांना अडवत राहिले. एका पाहुण्याला तिच्याबरोबर सेल्फी हवा होता. त्याला मी सांगितलं की ती विषारी आहे, चावली तर माणूस पाणी मागत नाही. गावाचं ते खोटं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला आलं.

दुसऱ्या दिवशी खड्डा बुजला होता. खूण हवी होती. मी स्वयंपाकघरातून करवंटी घेतली, वहिनीकडचा गेरू घेतला, ठिपके काढले आणि उपडी घातली. माणूस साठीला आला म्हणून शहाणा होत नाही. दुसरं काही मला सुचलंच नाही, हे मी शपथेवर सांगते. सातवा ठिपका काढेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आल्यावर मी ती उचलणार होते. नाही उचलली.

महिनाभराने एका सकाळी जेसीबीचा आवाज आला. मी पायात चपला न घालता मागे पळाले. दादा जोत्याजवळ उभा होता. पर्यटकांच्या चार संडासांना सेप्टिक टँक हवा होता आणि वाडीत "रिकामी" जागा तेवढीच होती. जेसीबीवाला मात्र खाली उतरून लांब उभा राहिला होता. त्याला करवंटी दिसली होती.

"आपून न्हाय हात लावणार," तो म्हणाला. "आधी ते काय हाय ते बघून घ्या."

दादाने हाक मारली ती खोल्या झाडायला येणाऱ्या बाईला. ती ओल्या हातांनी आली. दादा शांतपणे, अगदी आप्पांच्या आवाजात म्हणाला, "हे तू ठेवलंस का?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते मला तेव्हा कळलं. ती बाई ओले हात तसेच धरून उभी होती. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

"मी ठेवली," मी म्हणाले. "खाली घोयरीची अंडी आहेत. आणि दादा, मागची पण मीच ठेवली होती. सदतीस वर्षांपूर्वीची. बायने नाही. मी. सगळ्यांनी ऐका."

मला वाटलं होतं दादा चकित होईल. निदान रागावेल. त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू ओट्यावर बसून ठिपके काढत होतीस. मी बघितलं होतं. आप्पांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं."

खोल्या झाडणारी बाई हळूच निघून गेली. जेसीबीवाल्याने बिडी पेटवली. मी दादाला विचारलं, मग बायला का काढलं. तो मला नीट समजावून सांगू लागला, लहान मुलीला सांगतात तसं. ती खोपटात बारा वर्षं राहत होती. तलाठ्याकडे कोणीतरी तिला घेऊन गेलं होतं, घराची जागा नावावर लागते का विचारायला. एकदा नाव लागलं की संपलं. आप्पांना कारण हवं होतं, आणि ते आपोआप चालत आलं. "आणि तुझ्याही वाट्याची जागा वाचलीच की त्यात," दादा म्हणाला. "तू काय वेगळी आहेस?"

सदतीस वर्षं मी समजत होते की माझ्या भित्रेपणाने एका बाईचं घर गेलं. ते खरंच होतं. पण मी बोलले असते तरी आप्पांना ऐकायचं नव्हतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आप्पांनी मला पनवेलला पाठवलं ते मन मोठं करून नव्हे. साक्षीदार गावाबाहेर गेलेला बरा म्हणून पाठवलं. माझी नोकरी, माझं स्वातंत्र्य, माझ्या पस्तीस वर्षांच्या वर्गातल्या मोठ्या मोठ्या गप्पा, या सगळ्याखाली एक उपडी करवंटी होती. मला आप्पांची चीड आली, पण ते फोटोत होते. दादाची आली, तो समोर होता. स्वतःची आली तिला कुठे ठेवायचं ते अजून कळलेलं नाही.

"इथे खणायचं नाही," मी म्हणाले. "सातबाऱ्यावर माझं नाव आहे. आणि तुझा हक्कसोडाचा कागद फाडून टाक. चष्मा मला कायमच सापडत होता."

"सरड्यासाठी?"

"सरड्यासाठी. हवं तर वनखात्याला फोन लावते, अंडी फोडली तर काय होतं ते तेच सांगतील तुला."

जेसीबी परत गेला. दादा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हता, आणि ती शांतता मला मानवली.

बायला शोधायला फार कष्ट पडले नाहीत, याचीच जास्त लाज वाटली. दोघांना विचारलं आणि तिसऱ्याने सांगितलं: मुलीकडे असते, तळ्याला. एसटीने रोहा, रोह्याहून तळा. इतकं जवळ होतं ते. मुलीच्या घराच्या पडवीत ती बिरडं सोलत बसली होती. मोड आलेल्या वालांचं साल अंगठ्याने काढत होती आणि दाणा टोपात टाकत होती. केस सगळे पांढरे. मी समोर उभी राहिले तरी अंगठा थांबला नाही.

"बस," ती म्हणाली. "ताय ना तू? म्हातारी झालीस."

मी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. करवंटी मी ठेवली होती. अंडी होती. घाबरले म्हणून बोलले नाही. दादाला माहीत होतं, आप्पांनाही. बोलताना मी वर बघितलं नाही. माझं संपलं तेव्हा तिच्या हातातलं मूठभर बिरडं सोलून झालं होतं.

"गेरू कोनी कालवला व्हता?" ती म्हणाली.

मी वर बघितलं.

"मीच ना? तुला वाटीत काढून कोनी दिला? मला काय म्हाईत न्हाय ती करवंटी कोनी नेली? सरड्याचा खड्डा बी मी बघितला व्हता." तिने टोप जरा पुढे सरकवला. "सांगितलं असतं तर तुझ्या बापानं तुला पनवेलला धाडली नसती. मी म्हटलं, पोर जाऊ दे. गेली की तिथनं कागद धाडील. बापाला न्हाय तर मला. दोन दिस फाटकाशी बसले व्हते, तू येशील म्हनून. मंग वर्सभर पोस्टमनला इचारत व्हते."

"बाय, मी..."

"पोरीचं लगीन दोनदा मोडलं. करनीवालीची पोर म्हनून. त्या वेळी बी वाटलं, आता तरी कागद येईल."

मी रडले नाही. रडायचा हक्क मला नव्हता. मी तिला म्हणाले की जोत्याची जागा माझ्या वाट्यातून तिच्या नावावर करून देते. तिने साल झटकलं.

"जागा दे न दे, ते तुझं तू बघ. मुलीला इचार, तिला हवी असंल तर. मला ती करवंटी दाखव."

पुढच्या रविवारी ती आली. रविवार तिनेच निवडला. वाडीत त्या दिवशी माणसं असतात: चारही खोल्या भरलेल्या, नारळ पाडायला आलेले गडी, शेजारच्या वाडीतले पेपर वाचायला येणारे दोघे. मी तिला नेहमीच्या सवयीने मागच्या वाटेने आणायला निघाले होते. ती पुढच्या फाटकाशी थांबली आणि म्हणाली, "हिकडनं." मुलीचा हात धरून, ओट्यासमोरून, सगळ्यांच्या समोरून ती चालत गेली. शेजारच्या म्हाताऱ्याने तिला ओळखलं आणि पेपर खाली घेतला. दादा उठून आमच्या मागोमाग आला. त्याच्या मागे बाकीचे.

मी चहा केला आणि पाहुण्यांसाठीच्या कपांतला एक तिच्यासमोर धरला. तिने तो उभ्यानेच, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग जोत्याशी खाली बसली. माझ्या करवंटीवरचे ठिपके दवाने फिके झाले होते. तिने ती उचलून बाजूला टाकली, माझ्याकडून दुसरी मागून घेतली, आणि तळहातावर गेरू कालवला. एकेक ठिपका ती बोटाने दाबून काढत होती. सात झाले तशी करवंटी उपडी घातली आणि चार बाजूंना चार खडे ठेवले. सगळे बघत होते. गड्यांपैकी एकजण दोन पावलं मागे सरला.

मुलीच्या खांद्याला धरून बाय उभी राहिली आणि दादाकडे वळली.

"भाऊ," ती म्हणाली, "तवाची मी ठेवली न्हवती. ही मी ठेवलीय. सगळ्यांनी बघितलंय. आता काढा."

दादाने करवंटीकडे बघितलं, मग जमलेल्या माणसांकडे. त्याचा हात पुढे झाला नाही. बायने पदराला हात पुसले आणि मला विचारलं, पावसाळ्यात पोरं बाहेर आली की एवढ्या सगळ्यांना नाकतोडे पकडून कोण देणार आहे.